छातीचा फोटो

आमच्या भागात एक्स-रेला फोटो म्हणतात. 'छातीचा फोटो काढायचाय' असं सांगतच माणसं आत येतात आणि मीही तोच शब्द वापरते. धाराशिवच्या बाहेर मिशनचा एक छोटा दवाखाना आहे, तिथे गेली नऊ वर्षं मी एक्स-रे काढते. त्या शब्दाने कधी कुणाचं वाईट होईल असं मला वाटलं नव्हतं.

जगदेवी पहिल्यांदा आली ती फेब्रुवारीत. ढोकीची, चाळिशीची, नवऱ्याचं किराणा दुकान. वजन अडतीस किलो. खोकल्यामुळे दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. गळ्यात चांदीच्या डबीत लिंगायतांचं इष्टलिंग होतं. छातीवर धातू राहिला तर फिल्मवर पांढरा डाग उमटतो आणि नेमकं त्याच्या मागचं फुप्फुस झाकलं जातं. मी म्हटलं, "हे काढावं लागेल."

तिने डबी मुठीत धरली. "अंगावरून खाली ठेवता येत न्हाय, बाई. जीव गेला तरी न्हाय."

डबी अंगावर हवी, पण छातीवर नको, एवढाच प्रश्न होता. मी गॉजची पट्टी घेतली आणि डबी तिच्या डाव्या दंडाला, कोपराच्या जरा वर बांधली. तेवढा भाग फिल्मच्या बाहेर राहतो. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"तुमी आमच्यातल्या का?"

"नाही. मी ख्रिस्ती."

"मग?"

"मग काही नाही. श्वास भरून थांबा."

क्षयरोग निघाला. सहा महिन्यांचं औषध सुरू झालं. दर महिन्याला ती एसटीने यायची, वजनकाट्यावर उभी राहायची आणि आकडा वाढला की माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तो वाढवला.

दवाखाना शांतवन सर चालवतात. मी दहा वर्षांची होते तेव्हा दर रविवारी ते आम्हा मुलांचा वर्ग घ्यायचे. आजारी माणूस दारात येतो तेव्हा प्रभूने कुणाला तरी पाठवलेलं नसतं, तो स्वतःच आलेला असतो, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. म्हणून त्याची जात विचारायची नाही, आभाराची वाट बघायची नाही. प्रभूने आपल्यावर आधीच प्रेम केलेलं आहे, आपण फक्त ते पुढे द्यायचं. पुढे मी फिजिक्स घेऊन पदवी केली, मग एक्स-रेचा कोर्स केला. नोकरी इथेच करायची हे मात्र त्या रविवारच्या वर्गातच ठरलं होतं.

जूनमध्ये जगदेवीचा दुसरा एक्स-रे होता. वजन सेहेचाळीस. सर दारातून म्हणाले, "हिचा एक फोटो घेऊन पाठव गं. फाइलला लावू." डबी मी नुकतीच दंडाला बांधली होती. मी मोबाइल हातात घेतला.

"फोटो काढू का?"

"काढा की. त्यालाच आले न्हवं."

तिने हनुवटी वर केली, खांदे पुढे घेतले, छाती भरून श्वास घेतला आणि थांबली. तिची समजूत काय झाली आहे ते मला दिसलं. मला हसू आलं. मी बटण दाबलं, मग म्हटलं, "सोडा श्वास." दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

जुलैत ती औषधाला आली नाही. एक दिवस, तीन दिवस, सात दिवस. आठव्या दिवशी मी फोन केला. तिच्या नवऱ्याने, सिद्धारामने उचलला.

"ती न्हाय येणार. तुमच्याच अंकात बघा काय ते. आमच्या भावकीत सगळ्यांच्या मोबाइलवर हाय."

मिशनचा रंगीत अंक दर तीन महिन्यांनी निघतो. मी तो कधी नीट वाचत नसे. सातव्या पानावर जगदेवी होती. हनुवटी वर, डोळे मोठे, गळा मोकळा. फोटो खांद्यापाशी कापला होता. वर मथळा, 'जुनं बंधन उतरवलं, नवा श्वास लाभला'. खाली 'साक्ष' म्हणून चार ओळी, तिच्याच तोंडी घातलेल्या: मी अंधारात होते, या दवाखान्याने मला खरा देव दाखवला, वगैरे. शेवटी नाव आणि गाव.

मी अंक घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते चहा पीत होते.

"सर, हे कुणी लिहिलं?"

"मी. का, भाषा जमली नाही?"

"हे तिचे शब्द नाहीत."

"तिचा चेहरा तेच बोलतोय, बाळ. आतून उमटल्याशिवाय असा चेहरा होतो का?"

"तिने श्वास धरलाय सर. एक्स-रे आहे असं समजून."

ते हसले, मग थांबले. "गळ्यात लिंग नव्हतं. एवढं तरी खरं ना?"

"दंडावर होतं. तुम्ही दंड कापलात."

"पानावर जागा कमी असते."

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापा."

त्यांनी कप खाली ठेवला. "एक दुरुस्ती छापली की लोक बाकीच्या साक्षींबद्दल विचारायला लागतात."

हे बोलून झाल्यावर ते त्यांना स्वतःलाही ऐकू गेलं असावं. त्यांनी नजर वळवली.

"बाकीच्या किती?" मी विचारलं.

"तू फिजिक्सवाली. तुला सगळं मोजूनच पाहिजे." आवाज तोच होता, रविवारचा. "लोकांना काहीतरी दिसावं लागतं गं. तू बरं करतेस, ते फिल्मवर दिसतं. माझं काम कशावर दाखवू?"

"दारात येतो तो प्रभूच, असं तुम्हीच शिकवलंत."

"आजही तेच सांगतो."

"मग तुम्ही त्याचा फोटो कापलात आणि खाली त्याच्या नावाने काहीतरी लिहिलंत."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "चहा घेशील?"

त्या रात्री मला राग आला नाही, हेच मला विचित्र वाटलं. दारात येतो तो प्रभूच, हे वाक्य मला त्यांच्याकडून मिळालं होतं. खोटे ते ठरले होते, वाक्य नाही. पण आता ते मनात म्हटलं तरी त्यांच्याच आवाजात ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांचं पाकीट घेऊन मी ढोकीला गेले. सिद्धाराम दुकानात साखरेच्या पुड्या बांधत होता. समोर एक गिऱ्हाईक.

"या, या, फोटोवाल्या बाई. आज कुणाचं उतरवायला आलाव? आमची म्हैस मोकळीच हाय. तिच्या बी गळ्यात घंटी हाय."

गिऱ्हाईक हसलं. मी म्हटलं, "औषध आणलंय. आठ दिवस चुकलेत."

"चुकलं ते तुमचं चुकलं."

आतून त्याची आई, इरम्मा, म्हणाली, "येऊ दे तिला आत, सिद्धा. रस्त्यावर तमाशा नको."

जगदेवी सुपात तूर निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"नणंदेच्या लेकराचं बारसं होतं," ती म्हणाली. "पाळण्याजवळ गेले तर बायका सरकल्या. माझ्या हातची विभूती लेकराला लावू दिली न्हाय. गळ्यातलं बाहेर काढून दाखवलं. तर म्हणतात, आज घालून आली आसंल."

"ते छापणार आहेत हे मला माहीत नव्हतं."

"फोटो तर तुमीच काढला."

"हो."

"मी छातीचा समजले."

"मला कळलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही श्वास धरलात तेव्हाच. मी सांगायला हवं होतं."

"आन् हसलाव बी आसाल," इरम्मा म्हणाली.

"हो."

जगदेवीचे हात थांबले. "तुमी दंडाला बांधलं, तवा मला वाटलं, या बाईला कळतंय. घरी येऊन ह्यांना सांगितलं मी. म्हणून लई लागलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते." मग पहिल्यांदाच तिने माझ्याकडे बघितलं. "खरं सांगा. आमाला बरं कशापायी करत होताव?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे दहाव्या वर्षापासून तयार होतं. पण त्या सातव्या पानानंतर, या घरात, ते उत्तर आठवं पान झालं असतं.

"तुम्हाला टीबी होता म्हणून."

"येवढंच?"

"आणखी एक कारण आहे. ते मी आज सांगणार नाही."

"सांगू बी नका."

मग मी मला नीट येतं ते बोलले. पाच महिन्यांत बहुतेक जंतू मेलेले आहेत, उरलेत ते सगळ्यात चिवट. आता सोडलं तर तेच वाढतील आणि पुढच्या वेळी या गोळ्यांना दाद देणार नाहीत. घरात याच खोलीत मुलगी झोपते. दाराशी जगदेवीची बारावीतली मुलगी महेश्वरी उभी होती; तिने ओढणी नाकाशी धरली आणि लगेच लाजून सोडली. जगदेवीने ते पाहिलं.

"हीच औषधं सरकारी उपकेंद्रात मिळतात का?"

"मिळतात. अगदी हीच."

"मग तिथं नाव घाला माझं." मी ठेवलेलं पाकीट तिने सुपाच्या कडेने माझ्याकडे सरकवलं. "तुमच्या हातचं नको. आन् परत येऊ नका, बाई. तुमी वाईट न्हाय. पर येऊ नका."

"आज नववा दिवस होईल."

इरम्मा उठली. "तुमी फुडं जाऊन लिहून द्या. मी घेऊन येते तिला. चालत न्हाय आली तर ओढत आणते."

उपकेंद्रात श्रीदेवी सिस्टर होत्या. मी फाइल दिली. रुग्ण दुसरीकडे पाठवण्याच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो.

"घर जवळ, असं लिहू का?"

"आमच्या दवाखान्याने तिचा विश्वासघात केला, असं लिहा."

त्यांनी पेन वरच धरलं. "बाई, हे वर जिल्ह्याला जातंय. खाली सही तुमची."

"माहीत आहे."

त्यांनी लिहिलं. मी सही केली. मग फॉर्म उलटा करत त्यांनी विचारलं, "मग तुमी अजून तिथंच राहणार?"

"सोमवारी सतरा एक्स-रे आहेत."

"ते दुसरं कुणी बी काढंल."

खरं होतं. मी पेन परत केलं.

तेवढ्यात फाटकातून इरम्मा आली, मागून पदर घट्ट घेतलेली जगदेवी. ती माझ्या शेजारून आत गेली. श्रीदेवी सिस्टरांनी उपकेंद्राच्या पाकिटातून तीन गोळ्या काढून तिच्या तळहातावर ठेवल्या. गोळ्या गिळेपर्यंत समोर थांबायचं असा नियम आहे आणि पाच महिने तिच्या दर भेटीला मी तो पाळला होता. आज मी बाहेर ओट्यावर आले आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग श्रीदेवी सिस्टर म्हणाल्या, "उद्या, याच वेळेला."

"येते," जगदेवी म्हणाली.