धाकटीची खालची ओळ

मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य शिवणाच्या एका दुकानाबाहेर गेलं. सुतारानं दाराच्या उरलेल्या फळीला काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणींनी मला भिंतीवर टांगलं. कोणाचे कपडे कधी मिळतील, ते माझ्यावर लिहायचं, एवढंच ठरलं होतं.

पण थोरली विचारी. एकदा एकच शिवण चौथ्यांदा उसवताना तिला काही सुचलं. तिनं उठून तारखांच्या वर लिहिलं, 'उसवायचा कंटाळा असेल, त्यानं शिवायला बसू नये.' धाकटी वात्रट. तिनं लगेच खाली भर घातली, 'हरवले आहे : एक बटण. रंग पांढरा, भोकं चार, स्वभाव शांत.' रस्त्यानं जाणारे थांबून हसले. त्या दिवसापासून वरची ओळ थोरलीची, खालची धाकटीची. बोथट कात्री, घाईची गिऱ्हाइकं, आखूड झालेली बाही, रोजच्या कामातच दोघींना लिहायला मिळे. पोस्टमन तर मला मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढे जात नसे. मी अगदी फुगून गेलो होतो.

मागच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहत. ते सकाळी येत, खडू मागून घेत आणि धाकटीचे ऱ्हस्वदीर्घ सुधारत. त्या वर्षी त्यांनी एकच पॅन्ट महिन्यात दोनदा कमरेत सैल करून घेतली. धाकटीला आयतंच मिळालं. तिनं लिहिलं, 'मास्तर आहेत त्याच इयत्तेत, पोट मात्र वरच्या वर्गात गेलं!'

सारी गल्ली हसली. मास्तरही हसले. पण त्या दिवशी त्यांनी खडू मागितला नाही.

मग आठ दिवस ते दिसलेच नाहीत. नवव्या दिवशी त्यांची बायको आली. "नाडीचा पायजमा शिवून द्याल? बटण लागतच नाही आता. पोटात पाणी झालंय त्यांच्या. दवाखान्यात ठेवलंय," त्या म्हणाल्या.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. काकू गेल्यावर ती म्हणाली, "ताई, माझ्या जिभेला हाड नाही. बोल ना मला काहीतरी."

"काय बोलू?" थोरली म्हणाली. "टेप तर माझ्या हातात होती. गालफडं बसलेली आणि पोट तेवढं वाढतंय, हे मला दिसू नये? आणि म्हणे मला विचार सुचतात!"

तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. नंतर कोणी काही लिहिलं नाही. माझ्यावर धूळ बसू लागली.

पायजमा तयार झाला, तेव्हा धाकटीनं मला काखेत मारलं आणि दवाखाना गाठला. तोंडानं बोलणं जमणार नाही, म्हणून तिनं माझ्यावर लिहून आणलं होतं, 'मास्तर, माफि असावी.' मास्तरांनी उशीवरून पाहिलं.

"'माफी'तला 'फी' दीर्घ," ते म्हणाले. मग म्हणाले, "राग आला होता, पोरी. खोटं कशाला बोलू? दोन दिवस आरशासमोर गेलो नाही मी."

धाकटीनं पायजमा त्यांच्या उशाशी ठेवला.

"पण इथं त्याहून वाईट आहे. जो येतो तो दबक्या आवाजात बोलतो. कोणी एक वेडंवाकडं वाक्य बोलेल तर शपथ. आण तो खडू."

तिची ओळ पुसून त्यांनी वर लिहिलं, 'आजारी माणूस म्हणजे नुसता आजार नव्हे.' खाली लिहिलं, 'इथला चहा माझ्यापेक्षा अशक्त आहे.' धाकटीला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू कोसळलं.

मी त्यांच्या खाटेपाशीच राहिलो. अकराव्या दिवशी मास्तर गेले.

काकूंनी मला दुकानात आणून दिलं. ती अक्षरं पुसायला दोघींचाही हात धजेना. मी महिनोन्‌महिने आत कापडाच्या गठ्ठ्यांमागे पडून राहिलो. एक दिवस काकू ब्लाउज शिवायला द्यायला आल्या आणि त्यांनी मला पाहिलं.

"हे अजून तसंच? त्यांना शिळा फळा आवडत नसे," त्या म्हणाल्या. दोघी जागच्या हलल्या नाहीत. मग काकूंनी स्वतःच्या तळव्यानं मला सावकाश पुसलं. पांढऱ्या झालेल्या हाताची मूठ मिटून त्यांनी दुसऱ्या हातानं ब्लाउजचं कापड पुढे केलं.

आता मी पुन्हा बाहेर आहे. माझा रंग उडालाय, कोपरा फुटलाय. धाकटी अजूनही थट्टा लिहिते, पण आधी त्या माणसाला विचारते, "लिहू का तुमच्यावर?" कोणी 'नको' म्हणालं, तर ती मशीन थांबवते, त्याला बसायला खुर्ची देते आणि त्याचं ऐकून घेते. अशा दिवशी माझी खालची ओळ कोरीच राहते.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा रंगाचा हात द्या, एवढं मागणं आहेच. पण मी राहिलो काय, मोडलो काय, तुम्ही हसत राहा. फक्त ज्याला हसाल, त्याच्या चेहऱ्याकडे आधी एकदा नीट बघा.