कोरड्यास मागणारी बाई

चिकलठाण्याच्या कारखान्यांमागच्या वस्तीत एका संस्थेनं पाहणी काढली होती. कुणाची चूल दोन वेळा पेटत नाही, कुणाला रेशनकार्ड नाही, हे हुडकायचं आणि त्यांच्या धान्यासाठी तहसीलपर्यंत भांडायचं. पंधरा दिवसांसाठी दोघींना वीस-वीस घरं दिली होती. पुढं पगारावर एकीलाच ठेवणार होते. एक प्रयाग, बी.ए. झालेली, कडेवर आठ महिन्यांची लेक. दुसरी तिची शेजारीण आवडाबाई; मेंढरं विकून शहरात आलेल्या घरातली, शाळा चौथीपर्यंत.

नोकरी आपलीच, असं प्रयागनं धरूनच ठेवलं होतं. तरी आवडाबाई गल्लीतून निघाली की ही दाराआडून बघत राही. नामांतराच्या बंदमध्ये दुकानं मिटली, तेव्हा त्या बाईनं घरोघरचं पीठ गोळा करून पिठलं-भाकरी वाटली होती. तेव्हापासून शेंबडं पोरही तिला ‘आवडामाय’ म्हणे. प्रयाग मात्र सगळ्यांची ‘फारमवाली बाई’.

प्रयाग दारात उभी राहून विचारायची, “काल काय शिजलं?”

“वरणभात, बाई.”

वीसपैकी दोन घरी खिचडी, अठरा घरी वरणभात. पलीकडच्या निळ्या झेंड्याच्या गल्लीत पारूबाईनंही तेच सांगितलं, वर गोणपाट अंथरून कोरा चहा पुढं केला.

“उपास आहे माझा,” प्रयाग म्हणाली.

“बुधवारचा?” पारूबाईनं एवढंच विचारलं आणि कप मागं घेतला. त्या गल्लीत पुढच्या दारी तिला कुणी बस म्हटलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी प्रयागनं पाहिलं, त्याच पारूबाईच्या उंबऱ्यावर आवडाबाई फडक्यातली भाकरी सोडून बसलेली. घर प्रयागच्या यादीतलं! ती कुडाआड थांबली.

“पारू, भाकर हाय माझी. लावून खायला कोरड्यास दे गं जरासं.”

पारूबाईनं चुलीकडं पाहिलं. मग म्हणाली, “गाडगं पालथंच हाय, माय. दोन दिस झालं.”

“मग मीठ तर आसंल? ये, बस.” आवडाबाईनं भाकरी मोडून अर्धी तिच्या हातात दिली. “कार्ड कुठंय तुझं?”

“गावाकडं घर जाळलं, त्यात गेलं.”

प्रयागच्या अंगाचा तिळपापड झाला. मला वरणभात, आणि हिला खरं!

सोमवारी संस्थेच्या मनकर्णाताईंनी तिलाच विचारलं, “तुम्ही शेजारी. आवडाबाई काम कसं करतात?”

“बाई चांगली आहे,” प्रयाग हळूच म्हणाली. “फक्त दारोदार कोरड्यास मागत फिरते. लोकांत बरं दिसत नाही.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “कुणाच्या दारी?”

“सगळ्यांच्या. निळ्या झेंड्याच्या गल्लीतसुद्धा.”

“आणि देतात लोक?”

“असेल ते देतात.”

“नसेल ते?”

“नसेल ते…” प्रयागची जीभ अडखळली. “नसेल ते सांगतात.”

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते. ताई तिचे सुवाच्य फॉर्म चाळत होत्या. “तुमच्या वीस घरांत उपाशी कुणीच नाही, प्रयागताई?”

प्रयाग उठून दाराकडं गेली.

बाहेर पायरीवर आवडाबाई प्रयागच्या लेकीला मांडीवर झुलवत बसली होती. ताईंनी बाहेर येऊन तिथंच निकाल सांगितला. आवडाबाई दचकली.

“मला? आन् लिव्हायचं कोण? माझं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय! हिला बी ठिवा की, ताई.”

“पगार एकीचाच आहे.”

“मग आर्धा-आर्धा करू. व्हय गं, प्रयाग?”

नाही म्हणावं, असं प्रयागच्या ओठांवर आलं होतं. अर्धा पगार, तोही हिच्या हातून! पण नवऱ्याला, बद्रीनाथला, कारखान्यानं ब्रेक देऊन घरी बसवलेलं, दुधाचा डबा तळाला गेलेला. “बघते,” ती म्हणाली आणि लेकीला घ्यायला हात पुढं केले.

लेकीनं आवडाबाईचा पदर मुठीत घट्ट धरला होता. प्रयागनं एकेक बोट सोडवलं, तशी पोर रडायला लागली.

“आगं, हळू,” आवडाबाई म्हणाली. “तुझीच हाय ती.”