अकरा पानं गेलेली वही

मी एक जुनी वही आहे. स्वभावानं घाबरट. कव्हर लाल, कोपरे दुमडलेले आणि मधली अकरा पानं गेलेली. ती कशी गेली, ते सांगते, मित्रांनो.

आखातातल्या बिरकत अल अवामेरच्या कामगार वसाहतीतल्या दुकानातून बशीरभाईंनी मला आणलं. ते दापोलीकडचे, बांधकाम कंपनीच्या गोदामात कारकून. खोलीत माणसं आठ. आज भात कुणी लावायचा, झाडू कुणी मारायचा, त्या पाळ्या माझ्या पुढच्या पानांवर असत. आमटीचे डाग पडायचे, पण माझ्यावाचून खोलीचं चालत नसे, म्हणून मी तोऱ्यात होते.

मग कुणीतरी टाकून दिलेलं एक इंग्रजी पुस्तक बशीरभाईंना सापडलं. त्यात फ्रान्समधल्या एका विचारवंताचं चरित्र होतं. कापडवाल्याचा मुलगा, जन्मभर दुकानांत कारकुनी केली आणि दुकानदारीचाच तिटकारा. सोळाशे माणसांनी एका मोठ्या इमारतीत एकत्र राहावं, दर दोन तासांनी काम बदलावं, म्हणजे कुणी कंटाळणार नाही, असं त्याचं स्वप्न. बशीरभाईंनी ते मराठीत माझ्या मधल्या पानांवर उतरवलं आणि शुक्रवारी जेवणाआधी ते खोलीला वाचून दाखवू लागले. त्यांचा आवाज तेव्हा किती मोकळा असायचा!

पण ऐकणाऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. चेतन सळया बांधणारा, रंगनाथ परांचीवरचा. दोघांनी साइटवर दोन तासांनी कामं बदलली. चेतनचा पाय सरकला. तो चौथ्या मजल्याच्या उंचीवर दांड्याला लोंबकळला आणि लोकांनी त्याला कसंबसं ओढून घेतलं. साहेबानं विचारलं, "ये किसने सिखाया?" दोघांनीही बशीरभाईंचं नाव सांगितलं नाही. उद्या खोल्या तपासणार, अशी बातमी आली.

साहेब मला उचलेल, बशीरभाईंचं अक्षर ओळखेल, नोकरी जाईल, घरी लेकीचं कॉलेज थांबेल. मला भीती साहेबाची होती.

हात आला तो बशीरभाईंचा. त्यांनी दार लावलं, अकरा पानं टराटरा फाडली, बादलीत बुडवली आणि लगदा होईपर्यंत चोळली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ज्या बोटांनी मला जपलं त्यांचीच मला भीती वाटली. ती भीती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. त्यानं गॅस बघितला, खाटा मोजल्या, पाळ्यांचं पान पाहून "अच्छा है" म्हणाला आणि पाच मिनिटांत गेला.

पुढच्या शुक्रवारी चेतन हाताला पट्टी बांधून शेजारी बसला. "बशीरभाई, त्या माणसाचं पुढं काय झालं हो? बांधली का त्यानं इमारत?"

मला ठाऊक होतं. पैसे देणाऱ्या धनिकासाठी तो कित्येक वर्षं रोज दुपारी बारा वाजता घरी थांबायचा, असं सांगतात. कुणी आलंच नाही. पण मला तोंड नाही.

बशीरभाई कांदा चिरत राहिले. "मना ठाव नाय," ते म्हणाले. "खलास, सोड ता."

चेतन उठून गेला. त्यानंतर कुणी वाचायला सांगितलं नाही.

मित्रांनो, वहीला पाण्यापासून जपा, वाळवीपासून जपा. आणि कुणी घाबरून वही फाडायला बसलेलं दिसलं, तर त्याला एकटं सोडू नका. आमच्या खोलीतले बाकीचे सात जण तेव्हा दाराबाहेरच होते. दार कुणीही वाजवलं नाही.