पहिलं पाणी

आठवड्यानं नळाला पाणी आलं. गल्लीत कावीळ पसरली होती, म्हणून महानगरपालिकेचा माणूस पाण्याचा नमुना न्यायला आला होता. पण नळ उघडून, पाणी वाहू देत तो नुसताच उभा राहिला.

"भरा की!" पाणी-हक्क समितीची दीपश्री ओरडली.

"अक्का, पहिलं पाणी वाहू द्यायचं, मग भरायचं. नियम आहे."

"नियम तुमच्या बाटलीला. आमच्या घागरींना वाहू द्यायला पाणी पुरतं का? आमच्या गल्लीतल्या शालिनीनं हेच प्यायलं. ती दवाखान्यात पडलीय, आणि तुमचा अहवाल म्हणणार, पाणी शुद्ध!"

तिनं त्याच्या हातातली बाटली नळाखाली धरली. गटाराचा वास आला.

"आता लेबलवर लिहा. पहिलं पाणी. गल्ली हेच पिते."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. घागरी घेतलेल्या बायकांनी वाट अडवली होती. त्यानं पेन काढलं.