शून्य मृत्यूंचं गाव

जिनदास कारकुनाला माणसाआधी रकाना ओळखू येई. वाशीमच्या कचेरीत तो गावोगावच्या जन्म-मृत्यूंचे तक्ते जुळवायचा. कुठला कोतवाल घरोघर फिरून पुस्तक भरतो नि कुठला पारावर बसून एका दमात, हे तो शाईवरून सांगायचा. त्याची बायको अंगुरीबाई म्हणे, "यायले माह्या माहेरची मानसं किती ते पाठ हाय, नाव मात्र एकाचंबी नाई."

सत्तावन्न साली साहेबांनी त्याला मानोऱ्याकडं पिटाळलं. तिथल्या एका तांड्यावर मोतीबाई ही सरकारी दाई होती; तांड्याला कोतवाल नव्हता, म्हणून जन्म-मृत्यूचं पुस्तकही तीच भरायची. तिच्या पुस्तकात वर्षाचे एकेचाळीस जन्म नि नऊ बालमृत्यू. शेजारच्या गावात जन्म बावीस, मृत्यू शून्य. "बाईला कमी करा," साहेब म्हणाले. कागद तयार होता, त्यावर जिनदासचा शेरा तेवढा पडायचा होता.

मोतीबाई चुलीवर नाळ कापायचं पातं उकळत बसली होती. कागदाचं ऐकून ती उठलीसुद्धा नाही.

"नऊ गेले, खरं हाय. मी कायी लपवून नाई राह्यली. पन मले काढून कोनाले आनता, बाबू? पोथी वाचून बाळंतपन करनारीले?"

"शेजारी एकबी नाई अन् तुमच्याइथं नऊ. काहून?"

"त्यायची पोरं देव राखत असन. आमच्यायच्या मांगं मी एकलीच."

जिनदासनं हसू दाबून पुस्तक उघडलं. नावाच्या रकान्यात सोमला, मंगळी, बुधा, पुन्हा सोमला, शुक्री.

"हे काय, पंचांग लिहिलं का?"

"बाराव्या दिवसाआंधी नाव ठेवलं त नजर लागते म्हन्तेत लोक. मंग त्याच्याआंधी गेलेलं लेकरू लिहू कसं? म्हनून जलमलं का मीच वाराचं नाव देतो, कागदापुरतं. बारशाले मायबापानं पाहिजे ते ठेवावं."

जिनदासची पेन्सिल थांबली. शेजारच्या गावात घरं तांड्याएवढीच, आणि जन्म निम्मे! हे वाशीमलाच दिसायला हवं होतं. पण शून्य एवढं देखणं, की त्यापलीकडं नजरच गेली नव्हती.

दुपारी तो शेजारच्या गावी गेला. कोतवाल मिशीतल्या मिशीत खूश. "तालुक्यात पयला नंबर न जी आमचा?"

"बारशाआंधी गेलेली लेकरं कुठं लिहिली?"

"त्यायले नाव कुठं असते? नावाचा रकाना कोरा ठेवला त तुमीच पत्र धाडलं, अपूर्ण नोंद चालनार नाई म्हनून. तवापासून त्यायचं जलमबी लिहीत नाई अन् मरनबी. भानगडच नाई!"

पत्र कोतवालानं जपून ठेवलं होतं. खालचं अक्षर जिनदासचंच. असं पत्र त्यानं सगळ्या गावांना धाडलं होतं, आणि त्या नेटकेपणाबद्दल शाबासकीही मिळवली होती.

मग तो विहिरीवरच्या बायांना विचारत बसला. उन्हं कलेपर्यंत वर्षात गेलेली, कुठंच न लिहिलेली तेरा लेकरं निघाली. तेराव्याची आई नुसती बोटानं घर दाखवून गेली.

तांड्यावर परत येऊन त्यानं मोतीबाईच्या पुस्तकातल्या तारखा पाहिल्या. नवांतली आठ चैत्राआधीची.

"चैत्रात काय केलं तुमी?"

"लिहितालिहिता ध्यानात आलं. सात पोरं जलमल्यावर आठवड्याभरातच आखडून गेली. साऱ्यायची नाळ मी पोचाच्या आंधी घरच्या विळ्यानं कापलेली. मंग दारोदार भांडली मी. आता माह्या उकळल्या पात्याबिगर कोनी हात लावत नाई."

जिनदास उठून उभा राहिला. कुणा साहेबापुढं तो इतक्या मनानं कधी उभा राहिला नव्हता. शेरा त्यानं तिथंच लिहिला: "तांड्याचा आकडा मोजलेला आहे. शेजारचा न मोजलेला आहे. चूक या कचेरीच्या पत्राची, पत्र माझं. बाईंना कमी करू नये."

वाशीमला साहेब तापले. "असं सगळ्या गावांत मोजत सुटलास तर बेरीज तिप्पट होईल! वर काय कळवू?"

चौदा वर्षांत जिनदास साहेबांपुढं जास्तीचा शब्द बोलला नव्हता. "साहेब, लेकरं आधीच गेलेली आहेत. तक्त्यात आता येतील."

साहेबांनी जिनदासनं आणलेली दोन्ही गावांची पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवली. तांड्याच्या पुस्तकात चैत्रानंतरचा एकुलता मृत्यू त्यांनी बोट ठेवून दोनदा मोजला. मग बाईला कमी करायचा कागद फाडला, आणि सगळ्या कोतवालांना दोन-दोन दिवस मोतीबाईकडं धाडण्याचा हुकूम लिहायला सांगितलं.

पुढच्या साली तालुक्याच्या बालमृत्यूंची बेरीज खरंच तिप्पट झाली. जिनदासनं ती सुवाच्य अक्षरात लिहिली. तांड्याच्या रकान्यात दोन लेकरं होती, दोघंही नावानिशी.