निळ्या पिंपातलं खाद्य

अपेक्षाला घरातली वस्तू चार दिवस एका जागी राहिलेली बघवत नाही, ही शेवंतीची सुनेबद्दलची तक्रार साऱ्या वाडीला पाठ झाली होती. चूल मागल्या पडवीत नेली, उखळ अंगणाबाहेर काढलं, आणि आषाढात तर कोंबड्यांच्या खाद्याचं पोतंच हलवलं. तीस वर्षं ते चुलीवरच्या बांबूच्या माळ्यावर, धुरात असायचं. किडा नाही, उंदीर नाही. गॅस आला, धूर गेला, उंदीर आले. उंदरांच्या मागावर धामण आली ती अपेक्षाच्या पायावरूनच सळसळत गेली. दुसऱ्या दिवशी तिने कसालच्या बाजारातून घट्ट झाकणाचं, लोखंडी कडीचं निळं पिंप आणलं आणि पडवीत चार विटांवर उभं केलं.

"आये, आता उंदराचो बापूस इलो तरी दात लागूचो नाय."

"पिंपात कित्याक, फ्रीजात ठेव," शेवंती म्हणाली. "वर आइसक्रीम पण घाल!"

तोंडाने काही म्हटलं तरी तिला खरी काळजी होती कवडी जातीची. अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेल्या या कोंबड्या तिच्या माहेरच्या, मसुऱ्याच्या. लग्नाच्या साली आईने टोपलीत घालून दिलेल्या एका तलंगीपासून तिने ती वेल तुटू दिली नव्हती. माहेरच्या घराला कुलूप लागलं, भाऊ गेले. तिथलं जिवंत असं एवढंच उरलं होतं: पाच माद्या आणि एक कोंबडा.

नुसत्या कोंड्या-कणीला चव कसली? अपेक्षा शेतात गेली की शेवंती झाकण काढायची आणि खाऱ्या बांगड्याच्या डोक्यांचा कुटलेला चुरा ओंजळभर ढवळायची. पोत्यातही ती तो घालायचीच. त्याशिवाय कोंबडी अंड्यावर येत नाही, असं तिची आई सांगायची. सुनेला कशाला विचारायचं? कोंबड्या काय तिने माहेराहून आणल्या होत्या?

श्रावणात एक मादी मान टाकून मेली. मग दोन दिवसांत आणखी तीन. शेवंतीने हळदीचं पाणी पाजलं, मिरीचे दाणे गिळवले, मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. कोंबडाही गेला तेव्हा अपेक्षाने पिंप उघडून कोपरापर्यंत हात आत घातला. वरचा कोंडा सुका होता, पण आत ऊब होती, ताप भरलेल्या पोराच्या पोटासारखी. कुबट वासाची हिरवट ढेकळं हाताला आली.

"बघ! तुझ्या पिंपान मारल्यान!" शेवंती कडाडली. "पोत्यात होता तवसर काय्येक झाला नाय!"

अपेक्षाने ढेकूळ फोडलं. मधोमध बांगड्याचं हाड, आणि त्याभोवती मिठाचं पाणी सुटलेलं. दुसरं फोडलं. तेच. शेवंतीलाही ते दिसलं. चुलीच्या धगीने पोत्यातलं मीठ कोरडं राहायचं, इथे बंद झाकणाखाली ते पाझरत राहिलं होतं. सुनेने तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, खाद्याला बुरशी आलीय. माझ्याकडूनच झाकण नीट लागलं नसेल."

"शिजवूनही घालू नका, ते विष जात नाही," तिकडून आवाज आला. "सगळं खोल पुरून टाका. उरलेल्या कोंबड्यांना ताजं खाद्य, स्वच्छ पाणी द्या. बाकी आपल्या हातात फारसं काही नाही."

उरली होती ती खुडूक कवडी, सात अंड्यांवर बसलेली. कोंबडा गेला, आता वेल राहिली तर त्या सात अंड्यांत. शेवंती दुपारभर टोपलीपुढे बसून राहिली. तळहातावर तांदूळ धरले, कोंबडीने चोच उघडली नाही. तुरा काळवंडत चालला. चार वाजता तिची मान अंड्यांवर कलली ती कललीच.

अपेक्षाने धावत जाऊन विजेचा दिवा आणला, अंड्यांना ऊब राहावी म्हणून टोपलीवर टांगला. अर्धा तास उजेड राहिला आणि वीज गेली. शेवंतीने अंड्यांवर दोन्ही हात ठेवले. अंडी ऊन आहेत की आपलेच हात, तिला कळेना. अंधारून आलं तरी वीज आली नाही. अंडी दगडासारखी गार झाली.

"आये, उठा आता," अपेक्षा हळूच म्हणाली.

शेवंतीने वर पाहिलं.

"चुरो मी घातलंय. तुका कळला, तरी डॉक्टराक खोटा सांगलंस. माझ्या तोंडार बोललं असतंस तर आमचा भांडाण झाला असता, माझो जीव तरी हलको झालो असतो. आता माका रडाक पण तोंड ठेवलंस नाय. सून म्हणान तू बरी असशीत गो, पण न्याय करूक तुका येणा नाय."