वरची गळती

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो. माझ्या टपावरचा निळा रंग उन्हाने पांढुरका झाला आहे, आणि मागच्या दाराची काच तळव्याने दाबून वर सरकवावी लागते. सध्या मी एका गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये उभी असते. माझं इंजिन मात्र उत्तम चालतं. गेल्या कित्येक वर्षांत ते इतकं चांगलं चाललं नव्हतं, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. का, ते सांगते.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझ्यासारख्याच बहिणींच्या रांगेत उभी होते. मला घरी नेलं ते दादांनी. दादा दातांच्या कवळ्या बनवत. दंतवैद्य त्यांच्याकडे मापं पाठवत आणि दादा खिडकीजवळच्या टेबलाशी वाकून एकेक दात घासत, बसवत, पुन्हा घासत. तयार कवळ्या खोक्यांत भरून माझ्या मागच्या सीटवर ठेवायच्या आणि दवाखान्यांत पोचवायच्या, हे आमचं रोजचं काम. खड्डा आला की खोक्यांतले सगळे दात एकदम खडखडत.

"हळू चालव रे," पुढच्या सीटवरून आई म्हणायची. "मागची मंडळी थंडीने कुडकुडतायत."

आई म्हणजे दादांची आई. तिला फिरायची भारी हौस. कवळ्या पोचवायच्या निमित्ताने ती सगळं गाव बघून घ्यायची.

दादांनी मला जपून चालवलं, पण माझ्या पोटात काय आहे ते कधी डोकावून पाहिलं नाही. ते काम त्यांच्या धाकट्या भावाचं. त्याचं गॅरेज होतं. अंगाने चांगला धिप्पाड, दाढीत पांढरे केस आलेले, तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत, कारण आईने लहानपणी ठेवलेलं नाव तेच होतं. बारक्या बॉनेट उघडायचा आणि आधी नुसता ऐकत उभा राहायचा. मग म्हणायचा, "बोल बाई, कुठे दुखतंय?" मला बोलता येत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वय झालं तसा मला एक आजार जडला. इंजिन तापलं की मी चालता चालता बंद पडायचे, आणि निवलं की जणू काही झालंच नाही अशी सुरू व्हायचे. दादांच्या समोर एक पिवळा दिवा लागायला लागला. बारक्याने यंत्र लावून पाहिलं. इंजिन किती वेगाने फिरतंय हे सांगणारा एक छोटासा सेन्सर असतो, तो बिघडलाय असं यंत्राने दाखवलं. त्याने नवा सेन्सर बसवला. दिवा विझला.

हात पुसता पुसता त्याने इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"दादा, ह्या झाकणाखालची रबराची पट्टी कडक झालीये. जरासं ऑइल झिरपतंय. आज गिऱ्हाईक खोळंबलंय, पुढच्या वेळी बघू."

"बघ की सवडीने," दादा म्हणाले.

ते ऑइल जरासंच होतं, खरं आहे. पण ते इंजिनाच्या पाठीवरून थेंब थेंब उतरत होतं, आणि जिथे सेन्सरची वायर जोडलेली होती नेमकं तिथेच साठत होतं. मला ते कळत होतं. सांगणार कोणाला?

काही आठवड्यांनी भर दुपारी, वर्दळीच्या चढावर, मी बंद पडले. मागून हॉर्नचा नुसता गिल्ला झाला. दादांनी आईला हात धरून खाली उतरवलं, पण गोंधळात तिचा पाय फुटपाथच्या कडेला अडखळला आणि ती पडली. मनगटाचं हाड मोडलं.

मी निवल्यावर दादांनी आधी आईला दवाखान्यात पोचवलं, आणि मग ते मला घेऊन तडक गॅरेजवर गेले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "जुना सेन्सर घातलास ना माझ्या गाडीत? घरचीच गाडी आहे, काय फरक पडतो!"

"नवा घातलाय, दादा. शपथ घेऊ?"

"तुझ्या शपथेने आईचा हात सांधणार आहे का?"

बारक्याचा चेहरा उतरला. त्याने माझी किल्ली दादांच्या हातात ठेवली. "मग दुसरीकडे दाखवत जा," एवढंच म्हणाला आणि एका गाडीखाली सरपटत गेला. दादा थोडा वेळ त्याच्या बाहेर राहिलेल्या पायांकडे बघत उभे राहिले. मग निघून आले.

त्यानंतर दोघा भावांत बोलणं नाही. दादांनी मला गॅरेजेस पालथी घालायला लावली. प्रत्येकाने यंत्र लावलं, प्रत्येकाने सेन्सर बदलला, आणि प्रत्येक वेळी थोड्या दिवसांनी माझे पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एक मिस्त्री कंटाळून म्हणाला, "दिव्याचाच त्रास होतोय ना साहेब?" आणि त्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. झाकणाकडे कोणी पाहिलं नाही. घरी माझ्या खाली पुठ्ठा अंथरलेला असायचा. डाग मोठा झाला की दादा पुठ्ठा बदलायचे आणि ऑइल कमी झालं की वरून ओतायचे.

हात बरा झाल्यावर आई पुन्हा माझ्यात बसायला लागली. कुठेही जायचं असलं तरी म्हणायची, "गॅरेजच्या रस्त्याने घे." दादा घ्यायचे, पण थांबायचे नाहीत. एकदा बारक्या बाहेरच उभा होता. आईला बघून त्याने फडकं धरलेला हात उचलला. दादांनी वेग कमी केला, अगदी कमी केला. मला वाटलं, आता थांबलो. पण मागून कोणीतरी हॉर्न वाजवला आणि आम्ही पुढे निघालो. आई मान वळवून मागे बघत राहिली.

अशी काही वर्षं गेली, मग आईने अंथरूण धरलं. एका सकाळी दादा अंगणात आले, त्यांच्या मागोमाग वहिनी. वहिनी म्हणजे दादांची बायको.

"आईंचा जीव तुम्हा दोघा भावांत अडकलाय," वहिनी म्हणाल्या. "दोघं एकदम समोर दिसा, म्हणतायत. भावोजींना फोन तरी करा."

"फोनवर काय बोलू? इतक्या वर्षांनी? मीच जातो. समोर उभा राहिलो की येईल तो."

दादा इतक्या घाईत माझ्यात बसले की फोन आईच्या उशाशीच राहिला. मित्रांनो, त्या दिवशी मी एका झटक्यात सुरू झाले. वाटलं, आज तरी ह्या माणसाला पोचवायचंच. पण ऊन चढलं होतं, पुलावर गाड्यांची रांग लागली होती. रांगेत उभ्या उभ्या मी तापले. पुलाच्या मधोमध माझं इंजिन थांबलं.

दादांना माझी खोड ठाऊक होती. त्यांनी बॉनेट उघडलं आणि वाट पाहिली. निवलं की होईल सुरू. मी झालेही, पण हातभर पुढे जाऊन पुन्हा थांबले. पुन्हा तेच. "चल ना ग," दादा म्हणाले. ते कधी माझ्याशी असं बोलल्याचं मला आठवत नाही. मी चालू शकले नाही. शेवटी त्यांनी मला तिथेच सोडलं आणि ते पळत सुटले. त्या वयात, त्या उन्हात.

बऱ्याच वेळाने बारक्याचा टेम्पो उलट दिशेने माझ्या शेजारून गेला. आत दोघं भाऊ बसले होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

ते पोचले तेव्हा आई गेलेली होती. "आत्ता, आत्ता गेल्या," वहिनी म्हणाल्या. "दाराकडेच बघत होत्या." हे मला नंतर गॅरेजमध्ये कळलं, भाऊ बोलत होते तेव्हा.

मला दोर बांधून गॅरेजवर आणलं होतं. काही दिवसांनी बारक्याने माझं बॉनेट उघडलं. दादा एका टायरवर बसले होते. बारक्याने हात खोल घालून सेन्सरची वायर ओढून काढली. तिच्या टोकातून काळं ऑइल ठिबकलं. तो कितीतरी वेळ त्या टोकाकडे बघत राहिला.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"सेन्सर चांगला आहे, दादा. बदललेले सगळेच चांगले असणार. वरून ऑइल गळून वायरीत शिरतंय. म्हणून तापली की बंद." त्याने झाकण काढलं. खालची पट्टी हातात घेताच तिचे तुकडे पडले. "ही एवढीशी वस्तू. मी पाहिली होती. पुढच्या वेळी बघू म्हणालो होतो."

दादा खाली बघत म्हणाले, "आणि मी पुढची वेळ येऊच दिली नाही."

बारक्याने नवी पट्टी बसवली, माझी पाठ घासून स्वच्छ केली, वायर बदलली. काळी चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. दोघांनी मला भर उन्हात दूरवर पळवून आणलं. मी तापले, पण थांबले नाही.

"घेऊन जा, दादा," बारक्या म्हणाला. "आता कुठेही जा, बंद पडणार नाही."

दादा स्टिअरिंग धरून बसून राहिले. "आता कुठे जाऊ?" ते म्हणाले, आणि किल्ली तशीच ठेवून उतरले.

दादा आता अधूनमधून गॅरेजवर येतात. भाऊ बोलतात, पण जपून, नुकतंच हाड सांधलेल्या हाताने वस्तू उचलावी तसे. आई गेल्यापासून मी वाहून न्यावं असं त्यांच्याकडे काही उरलेलं नाही.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, कुरकुर ऐकू आली तर नुसता भाग बदलून मोकळे होऊ नका. वर कुठे काय गळतंय ते शोधा. आणि ज्याचा हात धरून ते शोधता येईल असा कोणी तुमच्यावर रुसला असेल, तर आजच निघा. तुमची गाडी सुरू होते आहे तोवर निघा.